सपाट रानात

बेळगावच्या माणसाला दुसऱ्या कशाचा नसला तरी हवेचा गर्व असतो. एप्रिलमध्येसुद्धा संध्याकाळी वारा सुटला की आम्ही पाहुण्यांना गॅलरीत नेतो आणि तो वारा आमच्याच आजोबांनी बांधून घेतल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. त्यामुळे साहेबांनी "उगारकडं जाऊन रानाची लेव्हल, म्हणजे चढउतार, मोजून या" म्हटलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. "असल्या उन्हात मरायला जाऊलास काय? टोपी तर घेतलास?" आई म्हणाली. जिल्हा एकच, खरं तिच्या लेखी उगार म्हणजे राजस्थान.

"सपाट रान आहे, दोन दिवसांत उरकेल," हे साहेबांचं वाक्य. खुर्चीत बसून सर्व्हे करणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य असतं. खानापूरच्या डोंगरात उतार कुठं आहे ते शेळीलाही कळतं, तिथं माझ्या दुर्बिणीला कोण विचारतो? माझ्यासारख्याचं पोट सपाट रानावरच भरतं. जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथंच पाण्याला वाट शोधून द्यावी लागते.

पॅसेंजरनं निघालो. लेव्हलच्या दुर्बिणीची तिपाई बघून घटप्रभेपर्यंत दोघांनी "शूटिंग कुठं हाय?" म्हणून विचारलं. रायबाग, चिंचली मागं पडली. माघात मायाक्काच्या जत्रेला इथं बैलगाड्यांची रीघ लागते, आता फलाटावर एक कुत्रं तेवढं होतं, तेही बाकाखाली. कुडची सुटलं, कृष्णेचा पूल आला, खाली पाणी बेताचंच. पुलापलीकडं उगार खुर्द. उतरलो आणि उघडलेल्या तव्यावरची वाफ तोंडावर यावी तसं ऊन आलं.

रान बघितलं आणि क्षणभर वाटलं, कुणी रांगोळी सांडून गेलंय की काय. काळ्याभोर जमिनीवर पांढरा थर. बोटानं उचलून जिभेला लावला, खारट आणि वर कडवट. माझा स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, धरणारा पोरगा कानडी, त्यानं दोनच शब्दांत निदान केलं, "सवळु-जवळु." मीठ फुटलेली ती सवळु, पाणी मुरून बसलेली ती जवळु. मराठीत आपण त्याला क्षारपड म्हणतो, पण रोगाचं नाव म्हणून कानडी जोडी जास्त शोभते, एखाद्या खोडकर जुळ्यांसारखी. कृष्णाकाठचं हे जुनं दुखणं आहे. ऊस आला, पाटानं पाणी सोडायची सवय आली, काळ्या मातीतून त्याचा निचरा होईना. खालचं पाणी वर वर आलं, उन्हानं ते ओढून घेतलं आणि मीठ तेवढं मागं ठेवलं. त्यावर उपाय म्हणजे जमिनीत मीटर-सव्वा मीटर खोल बारीक भोकांचे पाइप पुरायचे आणि जादाचं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पाइपला उतार हवा, पण केवढा? शंभर मीटरला दहा सेंटिमीटरही चालतो. बरोबर दिशेनं मात्र हवा.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. दोन दिवसांत उरकायचं म्हणून भर दुपारी लेव्हल लावली आणि पोराला शंभर-शंभर मीटरवर उभं केलं. दुर्बिणीतून बघतो तर स्टाफवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतायत. काळा-पांढरा चौकोन फुगतोय, मोडतोय, परत जुळतोय. १.४२ म्हणावं तर १.४४ होतंय. तापलेल्या जमिनीलगतची हवा अशी नाचते, म्हणून उन्हात नजर जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर ठेवावी आणि अंतर आखूड घ्यावं, हे मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग! अंदाजानं आकडे लिहीत गेलो. संध्याकाळी, जिथून सुरुवात केली त्या विहिरीच्या कठड्यावरच्या खुणेशी परत आलो, तर उंचीत फरक २.६ सेंटिमीटर. हिशेब तिथल्या तिथं जुळायला हवा होता. वही मिटली आणि पोराकडं बघितलं. तो शहाण्यासारखा ओढ्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून वेळापत्रक उन्हानं ठरवलं. पहाटे साडेपाच ते साडेनऊ, मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधले सहा-साडेसहा तास लिंबाखाली आणि खानावळीत. पाटी कानडी, पण अक्षरं जुळवून वाचली तर शब्द आपलाच, 'खानावळि'. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, ताक. वाढणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणत होतो, मालकाला अण्णा. त्यांनी आपली खानावळ उचलली, आपण त्यांचे अण्णा-अक्का घरात आणून बसवले. सीमेवर हा हिशेब दिल्लीला न विचारता कधीच मिटलाय.

रानाचे मालक सत्तरीचे. दोन दिवस ते बांधावर बसून माझा खेळ बघत होते. पहिली शंका ठरलेली, "रस्ता जाणार काय हितनं?" नाही म्हटल्यावर सैल झाले. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"सायेब, ह्या नळीतनं काय दिसतंय?"

"उतार शोधतोय मामा."

"मला इचारायचं की. पावसाळ्यात समदा पाचोळा त्या चिंचेखाली जाऊन बसतोय. पाणी गेल्याबिगर पाचोळा जातोय व्हय?"

चिंच ईशान्येच्या कोपऱ्यात. आमच्या ऑफिसच्या कागदावर पाणी बाहेर काढायचं तोंड दाखवलेलं नैर्ऋत्येला, कारण तिथं रस्ता आहे आणि पोकलेन आणायला सोपं जातं. मी हसलो, "बघू या" म्हणालो, आणि त्या संध्याकाळी तीस-तीस मीटरवर स्टाफ धरत सगळी ओळ परत घेतली. या खेपेला विहिरीशी फरक आला ३ मिलिमीटर. कंदिलासारखा मोबाइल तोंडात धरून आकडेमोड केली. अडीचशे मीटरच्या त्या रानात सगळा मिळून उतार २८ सेंटिमीटर. चिंचेकडं.

मामांना सांगितलं. त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "मग किती पैसं घेतासा ह्याचं?" एवढंच विचारलं. ऑफिस देतं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ती मान ऑफिसची कीव करणारी होती की माझी, ते उतरत्या उजेडात नीट दिसलं नाही.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दहा झाले होते. नाक सोललेलं, मानेवर कॉलरची रेघ. आमचा तो प्रसिद्ध वारा सुटला होता. आईनं ताट वाढलं.

"काय हाय रे तिकडं बघण्यासारखं?"

"२८ सेंटिमीटर."

"आणि एवढं बघायला चार दिस लागले?" म्हणाली, आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.