रॉयल ब्लड: माणसं दोन, मग गिटार कुठून येते?

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून रेल्वेने तासाभरात ब्रायटन येतं; किनाऱ्याने थोडं पश्चिमेला गेलं की वर्दिंग. ‘रॉयल ब्लड’ ही ब्लूज-रॉक जोडी याच पट्ट्यातली. माइक केर बेस वाजवत गातो, बेन थॅचर ड्रम्सवर असतो. गिटारवादक नाहीच. भारतात नुसती गाणी ऐकणाऱ्याला हे पटकन पटत नाही.

केर बेसचा सिग्नल फोडतो. एक वाट सरळ बेस अ‍ॅम्पकडे जाते, ती खर्ज सांभाळते. दुसरी ऑक्टेव्ह पेडलमधून (सूर सप्तकाने बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डबीतून) एक सप्तक वर चढते, डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम आणलेली खरखर घेते आणि गिटार अ‍ॅम्पमधून बाहेर पडते. ही वाट पायाने बंद-चालू होते, म्हणून कडव्यात रिकामं वाटणारं गाणं धृपदात अचानक भरतं. नेमकी पेडल्स कोणती, हे त्याने बराच काळ गुपित ठेवलं होतं.

घरी करून पाहणार असाल तर ऑक्टेव्ह आधी, डिस्टॉर्शन नंतर. उलट केलंत तर पेडलला मूळ सूर नीट ओळखता येत नाही. साधं पेडल दोन सूर एकत्र आले की गडबडतं. सर्वांत जाड तारेवर ते उशीरही करतं: तिचा सूर 41 हर्ट्झचा, म्हणजे एकाच आवर्तनाला 24 मिलिसेकंद लागतात. म्हणून रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, जरा वरच्या पट्टीत बसवा. दोन अ‍ॅम्प जोडताच घुर्र आवाज आला तर दोष बहुधा अर्थिंगच्या वेटोळ्याचा (ग्राउंड लूप): दोन्हींची अर्थिंग एकमेकांना जोडली जाते. त्यावर ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला स्प्लिटर, म्हणजे सिग्नल दोन वाटांत फोडणारी डबी, वापरा. प्लगची अर्थ पिन काढणं जिवावर बेतू शकतं. दोन्ही वाटा चालू केल्यावर आवाज उलट पोकळ झाला तर एकीची पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे बाजू, फिरवा.

2013च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात आर्क्टिक मंकीज या रॉक बँडचा ड्रमर मॅट हेल्डर्स रॉयल ब्लडचा टी-शर्ट घालून मंचावर आला, तेव्हा या जोडीचं पहिलं सिंगलही निघालं नव्हतं. ऑगस्ट 2014चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. 2015 साली सर्वोत्तम ब्रिटिश बँडचा ब्रिट पुरस्कार मिळाला, तोही ‘लेड झेपेलिन’चा गिटारवादक जिमी पेजच्या हातून. 2017चा दुसरा अल्बमही पहिला आला, पण त्यात नवं फारसं नव्हतं. एका बेसमधून तेच किती वेळा काढणार? 2021च्या ‘टायफून्स’मध्ये डिस्कोचा ठेका आला आणि मोकळा श्वासही. मे 2023मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रेडिओ महोत्सवात थंड प्रेक्षकांवर चिडून केरने मधलं बोट दाखवलं. त्यावर ब्रिटनमध्ये बरीच टिंगल झाली, आणि ती रास्तच होती.

प्रत्यक्ष ऐकायला गेलात तर साउंड डेस्कच्या (ध्वनितंत्रज्ञ बसतो त्या टेबलाच्या) जरा पुढे, मधोमध उभे राहा. भिंतीलगत आणि कोपऱ्यात खर्ज साचतो आणि ती वरच्या सप्तकातली ‘गिटार’ त्यात बुडते. कानात बोळे हवेतच.