हात लावून बघा

प्रदर्शनातलं टेबल सरळ उभं राहील, अशी आशा धरू नये. चारांतला एक पाय आखूड असतोच, आणि त्याखाली सरकवायची पुठ्ठ्याची घडी आपण घरूनच न्यायची असते. मांडववाल्याकडची ही टेबलं बहुधा ६ फूट लांब, २ फूट रुंद. वर प्लायवूड आणि त्यात कुठेतरी डोकं वर काढलेला एक खिळा. एवढ्या जागेत, गिऱ्हाईक आत यायच्या आधी, दुकान उभं करायचं.

मी खणाचे बटवे, पर्स आणि खणाच्या पुठ्ठ्याच्या वह्या करते. दिवाळी जवळ आली की पुण्यात कर्वे रोड, एरंडवणे, सदाशिव पेठ या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत प्रदर्शनांची झुंबड उडते. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे, तोवर हॉल रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही शिरतो.

टेबल झाकायला साडी घे, असं सगळ्याजणी सांगतात. हिशोब कोणी सांगत नाही. टेबलाची उंची साधारण ३० इंच. समोरून जमिनीपर्यंत पडायला ते ३० आणि वरच्या रुंदीचे २४, म्हणजे ५४ इंच कापड हवं. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास. एक साडी आडवी टाकली, तर खालून टेबलाचे पाय दिसतात, नाहीतर वरून प्लायवूड. म्हणून दोन लागतात, एक समोर सोडायला आणि एक वर पसरायला. दोन्ही साध्या, एकरंगी. काठपदराची साडी टाकली की बायका बटवे सोडून साडीचाच भाव विचारतात. कापड जमिनीला टेकायलाच हवं, कारण त्याच्या आड जास्तीचा माल, जेवणाचा डबा, चहाचा थर्मास, चपला असा सगळा संसार असतो.

मग उंची. चालणाऱ्या माणसाची नजर ५ फुटांवर असते आणि वस्तू पडलेल्या असतात अडीच फुटांवर. सपाट मांडलेलं टेबल त्याला दिसतच नाही. त्यामुळे कापडाखाली पाट, खोकी, बुरूड आळीतल्या पालथ्या टोपल्या घालून पायऱ्या करायच्या. मागची सगळ्यांत उंच, आणि तिच्याही मागे एक लाकडी चौकट, पर्स टांगायला. बोहरी आळीत डझनाच्या भावाने मिळणारे एसच्या आकाराचे हूक इथे कामाला येतात.

हे मांडण्याचं शास्त्र आमच्या आयांना वेगळं शिकवावं लागत नाही, कारण त्यांनी रुखवत मांडलेलं असतं. लोकरीची तोरणं, सुपाऱ्यांची नवरा-नवरी, रंगीत भाताच्या रांगोळ्या. कुठली वस्तू मागे, कुठली पुढे, मधे किती जागा सोडायची, हे त्यांना न बोलता कळतं. मला मदत करायला आई येते तेव्हा टेबल अर्ध्या वेळात तयार होतं आणि देखणं दिसतं. एवढं देखणं, की लोक दोन पावलांवर थांबतात, हात मागे बांधतात, "छान केलंय हो!" म्हणतात आणि पुढे जातात.

रुखवत बघण्यासाठी असतं. तिथे हात पुढे केला की कुठली तरी आत्या डोळे वटारते. आणि त्यावर किंमत लिहिलेली नसते. विक्रीच्या टेबलाला नेमकं उलटं हवं. बटवे एका रेषेत, समान अंतरावर ठेवले की ती रेष मोडायला कोणी धजत नाही. आई चहाला गेली की मी दोन बटवे तिरके करते, एकाची नाडी सैल सोडते, एक वही मधेच उघडून ठेवते. परत आल्यावर ती ते सरळ करते. आमचं यावर एकमत होणार नाही.

एक पाटीही लावली आहे, ‘हात लावून बघा’. ‘हात लावू नये’ वाचत मोठं झालेल्या शहराला ती पचायला वेळ लागतो. एक काका चष्मा वर करून दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे घ्यावं लागेल का?"

खणाला तर हात लागायलाच हवा. उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असले, की कापड हातात फिरवल्यावर त्याची झाक बदलते. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली ते मुकाट पडून राहतं. बाजूने तिरका उजेड टाकणारा एक छोटा पिवळा दिवा न्यावा, आणि लांब वायर. प्लग नेहमी दुसऱ्याच कोणाच्या टेबलामागे असतो, त्यामुळे शेजारणीशी मैत्री सकाळीच करून टाकावी.

किंमत प्रत्येक वस्तूवर हवी. पुण्यात निम्मी गिऱ्हाइकं भाव विचारत नाहीत, वाचतात. चिठ्ठी नसेल तर विचारण्यापेक्षा निघून जाणं त्यांना सोपं वाटतं. चिठ्ठी वाचली की बटवा उलटा होतो, अस्तर तपासलं जातं, शिलाई नखाने ओढून पाहिली जाते. "हे घरी करता येईल की गं," एक मैत्रीण दुसरीला माझ्यासमोरच सांगते. मी म्हणते, "येईल ना, अगदी सहज येईल." यावर काय बोलावं हे न सुचून त्यातली एक बटवा घेते. वाद घातला असता तर दोघी गेल्या असत्या.

मैदानावरचा प्रकार निराळा. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, तिथल्यासारख्या गर्दीत धुळीने गडद खण तासाभरात फिका दिसायला लागतो. मऊ ब्रश हाताशी हवा. शिवाय खाण्याच्या स्टॉलकडून येणारी माणसं. थालीपिठाच्या लोण्याची बोटं घेऊन पाटीचा मान राखणारी. टेबलावर ओल्या फडक्याची वाटी ठेवावी आणि बोलताना सहज पुढे करावी. कोणालाही राग येत नाही.

माझ्या टेबलावरची सगळ्यांत उपयोगी वस्तू विकायची नाही, तो आहे आरसा. पर्स खांद्याला लावून बघण्यासाठी ठेवला. बायका त्यात टिकली सरळ करतात, गजरा माळतात, पदर सावरतात आणि पर्सकडे न बघता जातात. परवा एक आजी चांगली दहा मिनिटं त्यासमोर केस नीट करत होत्या. इथे कोण एवढं थांबलंय, हे बघायला मागे दोघी थांबल्या, त्यांच्यामागे आणखी एक. आजींनी काही घेतलं नाही. मागच्या तिघींनी मिळून चार बटवे घेतले.

आरशाचे पैसे केव्हाच वसूल झालेत.