खुनी ठाऊक असताना

एस.टी.च्या लांबच्या प्रवासात पोलिसी सत्यकथा वाचायची सवय लागलेल्या माझ्यासारख्या वाचकाला युद्धानंतरच्या खटल्यांची निकालपत्रेही त्याच भुकेने वाचता येतात, हे मान्य करायला जरा संकोच वाटतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर मराठीत जे जे छापून आले, ते आपल्याकडे दाराची कडी पुन्हा एकदा तपासून का होईना, पण चवीने वाचले गेले. १९७६-७७ मधले ते दहा खून, माफीचा साक्षीदार आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना झालेली फाशी, एवढे वाचून झाले की आपण पुस्तक मिटतो.

स्रेब्रेनित्साचे कागद वाचताना असे मिटता येत नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या या गावी, संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या प्रदेशात, बोस्नियन सर्ब सैन्याने अवघ्या काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. खुनी कोण, हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. तपास करायचा असतो तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि तिथे जुना सत्यकथा-वाचक खडबडून जागा होतो. प्रेतांच्या मनगटांवर काही स्वयंचलित सैको घड्याळे सापडली. हाताच्या हालचालीवर चालणारे असे घड्याळ हात निश्चल झाल्यावर आणखी दीड-दोन दिवस चालते आणि थांबते. तबकडीवरच्या खिडकीत तेव्हाचा वार आणि तारीख तशीच राहते. त्यावरून मरणाचा दिवस अजमावता आला. ही माणसे लढाईत मेली असतील, असा बचाव केला गेला. पण कबरींतून डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि हात बांधायच्या तारा निघाल्या.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पुरावा दडपण्यासाठी सैन्याने मोठ्या कबरी यंत्रांनी उकरल्या आणि प्रेते मातीसकट ट्रकांत भरून दूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकली. कोझ्लुक या गावची मूळ कबर बाटल्या भरण्याच्या एका कारखान्याच्या टाकाऊ काचेच्या ढिगाऱ्यावर होती. तीच हिरवी काच लांबच्या खड्ड्यांत मिळाली आणि दोन्ही जागांचा संबंध जुळला. माती आणि काडतुसांच्या पुंगळ्याही अशाच जुळवल्या गेल्या. या पानांवर मला आनंद होतो, हे खरे आहे, आणि तो कुठल्याही चांगल्या पंचनाम्याने होणाऱ्या आनंदाहून निराळा नाही.

द्राझेन एर्देमोविचची कबुली मात्र त्या आनंदाच्या आड येते. ब्रान्येवोच्या शेतावर बसगाड्यांतून आणलेल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या तुकडीत हा तेवीस वर्षांचा सैनिक होता. त्याने आधी नकार दिला, तेव्हा एवढी कीव येत असेल तर त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहा, असे त्याला सांगण्यात आले. या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी हेगला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे त्याने १९९६ मध्ये गुन्हा कबूल केला. आधी दहा वर्षांची झालेली शिक्षा १९९८ मध्ये पाच वर्षांवर आली. पाच वर्षे म्हणजे थट्टाच, असे मला पहिल्या वाचनात वाटले. आजही ती पुरेशी वाटत नाही, पण त्याच्या जागी आपण रांगेत गेलो असतो असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांवर माझा त्याहूनही कमी विश्वास आहे. बोस्नियन सर्ब सैन्यातल्या जनरल क्रस्टिचला २००१ मध्ये वंशसंहारासाठी ४६ वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलात ती ३५ वर्षांवर आली, हे वाचताना मला फारसे काही वाटत नाही. सेनापतींच्या शिक्षा आकड्यांसारख्याच वाचल्या जातात.

मग न्यायालयाबाहेरचा भाग येतो, आणि तो अजून चालू आहे. यंत्रांनी उकरल्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन निरनिराळ्या खड्ड्यांत विखुरली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनएच्या आधारे सात हजारांच्या जवळपास मृतांची ओळख पटवली, आणि दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. पण ओळख पटली म्हणजे सगळा माणूस मिळाला असे नाही. हाती आले तेवढे पुरायचे की उरलेल्याची वाट पाहायची, हे घरच्यांना ठरवावे लागते. आणि पुरल्यानंतर काही वर्षांनी आणखी एखादे हाड सापडले तर कबर पुन्हा उघडायची का, हेही त्यांनाच.