विल हॅव आणि राहिलेला कुकर

आज संध्याकाळी भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायला बसले. धडा पूर्ण भविष्यकाळाचा. 'विल हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, एवढं तिला तोंडपाठ. वाक्य करायला सांगितलं की मात्र गाडी अडायची.

शेवटी पुस्तक मिटलं. म्हटलं, "बाबा घरी येतील तोवर मी भात केलेला असेल, हे सांग बघू." तिने सुरुवात केली, "बाय द टाइम बाबा विल कम..." अगदी माझीच शाळेतली चूक! आपण 'येतील' म्हणतो, म्हणून जीभ आपोआप 'विल'कडे वळते. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळच लागतो: "बाय द टाइम बाबा कम्स होम, आय विल हॅव कुक्ड द राइस." भविष्याचा सगळा भार दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर.

मग तिने मला पकडलं. "मावशी, 'आजी एव्हाना पोचली असेल' हा पण भविष्यकाळ?" मी गप्प. रूप भविष्याचं, पण अर्थ घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज. नंतर आठवलं, इंग्रजीतही तसंच चालतं की: "शी विल हॅव अराइव्ह्ड बाय नाउ." इतकी वर्षं हे वाक्य ऐकतेय, पण आपल्या 'असेल'शी त्याची जोडी कधी लावलीच नव्हती. (व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे आधी का नाही सांगितलं?)

आम्ही दोघी यातच रमलो. सात वाजता बेल वाजली, तेव्हा तांदूळ अजून धुवायचेच होते.