लॉजिक थिअरिस्टची नोंदवही: एका ‘प’नं खाल्लेले तीन रविवार

आजचा आकडा: ५२ पैकी ३४.

‘लॉजिक थिअरिस्ट’ हा प्रमेयं सिद्ध करणारा जुना प्रोग्राम मी नव्यानं लिहितोय; ५२ पैकी ३४ प्रमेयं माझ्या प्रोग्रामला जमली, मूळ प्रोग्रामला ३८ जमली होती. म्हणजे मी अजून चार प्रमेयांनी मागे, आणि तेही जॉनिॲक या जुन्या संगणकाच्या तुलनेत. माझ्या वॉशिंग मशीनमध्येसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त मेमरी असेल. हसून घ्या, मग पुढे वाचा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ॲलन न्यूवेल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांनी १९५५-५६ मध्ये ‘लॉजिक थिअरिस्ट’ रचला. सांता मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनमधल्या जॉनिॲक यंत्रावर तो चालला. व्हाइटहेड-रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या तर्क-गणिताच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाची पहिली ५२ प्रमेयं त्याच्यापुढे ठेवली होती. सिद्धतेतले सूत्रांचे तुकडे जोडायचे-तोडायचे तर मेमरीत याद्या हव्यात, म्हणून त्यांनी आयपीएल नावाची भाषाच आधी बनवली. मी सगळं पायथॉनमध्ये करतोय, त्यामुळे तो त्रास वाचला. अट एकच घातली आहे: युक्त्या त्यांच्याच वापरायच्या आणि एका प्रमेयामागे २०० उपप्रश्नांच्या पुढे जायचं नाही. ही २०० ची मर्यादा माझी, त्यांची नव्हे. ती काढली की आजचं यंत्र नुसत्या दांडगाईनं काम उरकतं, आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही.

युक्त्या अशा. प्रोग्राम शेवटाकडून मागे चालतो. सिद्ध करायचं विधान एखाद्या गृहीतकात अक्षरं बदलून मिळतं का, हे आधी बघायचं. नाही मिळालं, तर ‘अमुक → हे विधान’ (‘→’ म्हणजे ‘असेल तर’) असं काही आधीच हाताशी आहे का ते शोधायचं. असेल तर ‘अमुक’ हा नवा उपप्रश्न. तेही नाही, तर साखळी: ‘इथून तिथे’ जायचंय, आणि इथून मधल्या एका ठाण्यापर्यंतचा रस्ता माहीत आहे, मग ठाण्यापासून पुढचं तेवढं शोधा. उपप्रश्न रांगेत उभे राहतात आणि एकेक करून पुन्हा याच तीन युक्त्यांतून जातात. बस.

आता त्या तीन रविवारांची गोष्ट.

प्रमेय २.०१ अगदी साधं आहे. पुस्तकातल्या अक्षरांऐवजी मी प, क, र लिहितोय; ‘~’ म्हणजे ‘नाही’, ‘∨’ म्हणजे ‘किंवा’:

(प → ~प) → ~प

‘प खरं धरल्यावर प खोटं ठरत असेल, तर प खोटंच.’ त्यासाठी लागतं गृहीतक १.२:

(प ∨ प) → प

गृहीतकातल्या ‘प’च्या जागी ~प ठेवा. (~प ∨ ~प) → ~प मिळालं. प्रिन्सिपियात ‘प → क’ ही ‘~प ∨ क’ लिहायची नुसती आखूड पद्धत आहे, त्यामुळे ~प ∨ ~प म्हणजेच प → ~प. झालं, एका ओळीत सिद्धता. ऑगस्ट १९५६ मध्ये जॉनिॲकनं पहिल्यांदा पूर्ण सिद्धता काढली, ती याच प्रमेयाची.

माझ्या लॅपटॉपचा पंखा घूं घूं करायला लागला आणि रिकर्शनची (प्रोग्रामनं स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलवायची) मर्यादा ओलांडल्याची लाल ओळ आली. मधले टप्पे छापून बघितले:

~प
~~प
~~~प
~~~~प

अशी जिलबी पानभर. ‘प’च्या जागी ~प ठेवायचं म्हटल्यावर प्रोग्रामनं ते ठेवलं, मग त्या ~प मध्ये पुन्हा ‘प’ दिसला, पुन्हा ~प ठेवलं. सांगितलेल्या कामात कसूर नाही.

पहिल्या रविवारी मी ते औषध दिलं जे इथल्या बहुतेकांनी दिलं असतं: व्हेरिएबल (‘प’सारखं बदलतं अक्षर) ज्या सूत्राच्या पोटात स्वतःच आहे, त्या सूत्रानं त्याची अदलाबदल करायची नाही. लूप थांबला. पण २.०१ आता ‘जमत नाही’ म्हणून परत येऊ लागलं. २.०२ पण: क → (प → क) हे गृहीतक १.३ म्हणजे क → (प ∨ क) मध्ये ‘प’च्या जागी ~प ठेवून सरळ मिळायला हवं, तर तेही नाकारलं. ताप गेला, पण पेशंटही गेला.

दुसरा रविवार मी भलत्याच जागी खणण्यात घालवला. त्याचं वर्णन करत नाही.

तिसऱ्या रविवारी घरात गणपती होते, सगळे जमले होते, आणि मला सायमन यांचा प्रयोग आठवला. यंत्रावर प्रोग्राम चालायच्या आधी, जानेवारी १९५६ मध्ये, त्यांनी घरची मंडळी आणि काही विद्यार्थी गोळा केले, प्रत्येकाच्या हातात प्रोग्रामच्या एकेका भागाचं कार्ड दिलं आणि माणसांकडूनच प्रोग्राम चालवून घेतला. म्हटलं, करून बघू. ताईकडे सिद्ध करायचं विधान दिलं, नववीतल्या भाच्याकडे गृहीतक १.२, आणि आईकडे वही: कुठल्या अक्षराच्या जागी काय आलं ते लिहायला. मोदकांच्या सारणाचे हात पुसत ती बसली.

दोन मिनिटांत भाचा म्हणाला, “मामा, माझ्या ‘प’चं आणि आईच्या ‘प’चं नातं काय?”

“काही नाही. वेगळे आहेत.”

“मग दोघांना एकच नाव का दिलंस? आजी एकाच वहीत लिहितेय. ‘प’ म्हणजे ~प लिहिलंय तिनं. कोणाचा ‘प’ ते कुठाय?”

आईनं वही बघितली आणि म्हणाली, “आमच्या वाड्यात दोन शशी होत्या. एकीला थोरली शशी म्हणायचो. नाहीतर एकीचं पत्र दुसरी फोडायची.”

तर बग हा होता. गृहीतकातला ‘प’ म्हणजे ‘कुठलंही विधान चालेल’ अशी रिकामी जागा. प्रमेयातला ‘प’ मात्र ठाम उभा, त्याला हलवायचं नाही. मी दोघांना एकाच डिक्शनरीत, म्हणजे आईच्या वहीसारख्या एकाच यादीत, टाकलं होतं. आता यादीतून गृहीतक उचलतानाच त्यातल्या अक्षरांना शेपूट लागतं: प१, क१, पुढच्या वेळी प२, क२. ‘प१ = ~प’ यात कुणी कुणाला खात नाही. दुरुस्ती चार ओळींची. २.०१ आणि २.०२ एंटर दाबता दाबता सुटली. (हे पाठ्यपुस्तकात असतं, मलाही माहीत होतं. माहीत असणं आणि हाताला लागणं यात तीन रविवारांचं अंतर आहे.)

त्यानंतर आकडा भराभर चढला. २.०६ चा मला विशेष आनंद झाला, कारण त्यात दुसरी युक्ती स्वच्छ दिसते. २.०६ म्हणतं (प → क) → ((क → र) → (प → र)). हे २.०४ च्या, म्हणजे (प → (क → र)) → (क → (प → र)) च्या, उजव्या अंगाशी जुळतं, आणि तसं जुळवल्यावर डाव्या अंगाला जे उरतं ते अक्षरशः २.०५: (क → र) → ((प → क) → (प → र)). एक उपप्रश्न, तो लगेच सुटतो, काम खलास.

मग तणाचा त्रास सुरू झाला. गृहीतक १.३ चं उजवं अंग ‘प ∨ क’, आणि प्रत्येक ‘→’ आतून ‘∨’च असल्यामुळे ते कशालाही चिकटतं. सिद्ध करायचं असतं ‘डावं → उजवं’, आणि १.३ दरवेळी उपप्रश्न काढतं: ‘मग नुसतं उजवंच सिद्ध कर की!’ बहुतेक वेळा ते खरंच नसतं. २०० ची रांग अशा भाकड उपप्रश्नांनी भरून जाते.

इथे मी एक पाप केलं. प्रत्येक उपप्रश्नाची आधी सत्यतासारणी काढली, म्हणजे अक्षरं खरी-खोटी धरून विधान दरवेळी काय ठरतं त्याचा तक्ता. तीन अक्षरं म्हणजे आठच ओळी, त्यातली एकही खोटी निघाली की उपप्रश्न कचऱ्यात. आकडा एकदम ४३. रात्री छान झोप लागली. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की सत्यतासारणीच जर विधान खरं की खोटं ते ठरवतेय, तर बाकीचा प्रोग्राम शोभेला ठेवलाय. ती फांदी काढून टाकली. त्याऐवजी त्यांची मूळ चाळणी लावली: दोन सूत्रांत पायऱ्या किती, वेगवेगळी अक्षरं किती, अक्षरांच्या एकूण जागा किती, हे मोजायचं आणि ते जुळत असेल तरच पुढची मेहनत करायची. ही चाळणी चुकते, कधी चांगलं पीकही उपटते. पण चुकत शोधणं हाच या प्रोग्रामचा विषय आहे. सगळ्या शक्य सिद्धता ओळीनं काढत बसायच्या पद्धतीला त्या तिघांनी गमतीनं ‘ब्रिटिश म्युझियम अल्गोरिदम’ म्हटलं होतं, आणि ते त्यांना टाळायचं होतं.

चाळणीसह ३४.

अडलेल्यांत २.३१ आहे: (प ∨ (क ∨ र)) → ((प ∨ क) ∨ र). कंस डावीकडे सरकवणं, एवढंच. पुस्तकातली वाट तीन ठाण्यांची. २.३ नं आतले क आणि र उलटे करा: प ∨ (र ∨ क). १.५ नं र बाहेर काढा: र ∨ (प ∨ क). १.४ नं पूर्ण उलटा: (प ∨ क) ∨ र. कागदावर अर्धा मिनिट. माझ्या प्रोग्रामला पहिलं ठाणं सापडतं, पण तो उपप्रश्न रांगेत इतका मागे उभा असतो की त्याची पाळी यायच्या आत २०० संपतात. मर्यादा उठवली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत सुटतं. मूळ लॉजिक थिअरिस्टसुद्धा याच २.३१ वर सुमारे २३ मिनिटं झगडून हरला होता. हे वाचल्यावर मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं बरोबर नाही, पण जवळपास तेच.

मध्ये एका संध्याकाळी मोह झाला आणि तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग यांची पद्धत लिहून पाहिली. वांग यांनी १९५८ च्या उन्हाळ्यात आयबीएम ७०४ या संगणकावर प्रिन्सिपियाची २०० हून जास्त प्रमेयं ३७ मिनिटांत काढली. त्यातला बहुतेक वेळ वाचण्या-छापण्यातच गेला, प्रत्यक्ष सिद्धतेला तीन मिनिटंही लागली नाहीत. पद्धत मूळ तर्कशास्त्रज्ञ गेंट्झेनची: एक रेघ, डावीकडे ‘धरलेलं’, उजवीकडे ‘मिळवायचं’, आणि चिन्हं फोडत जायची. २.४५ घ्या, ~(प ∨ क) → ~प.

डावीकडे ~(प ∨ क), उजवीकडे ~प.
‘~’ काढलं की वस्तू रेघ ओलांडते: डावीकडे प, उजवीकडे प ∨ क.
उजवा ‘∨’ फोडला: डावीकडे प, उजवीकडे प, क.
‘प’ दोन्हीकडे आला. मिटलं.

याच प्रमेयाला लॉजिक थिअरिस्टनं सुमारे १२ मिनिटं घेतली होती. माझा वांग-प्रोग्राम साठेक ओळींचा आहे, त्यानं ५२ च्या ५२ काढली, आणि मला त्याच्याविषयी लिहायला यापेक्षा जास्त काही नाही. वांग यांनी बोचरं लिहिलंय: कोंबडी मारायला खाटकाचा सुरा नको, पण या मंडळींना त्या सुऱ्यानंही कोंबडी मारता आली नाही. हिशोबात ते बरोबर आहेत. पण न्यूवेल-सायमनना कोंबडीपेक्षा सुरा धरणाऱ्याचा हात बघायचा होता: माणूस कुठली वाट आधी धरतो, कधी सोडतो. वांग यांच्या प्रोग्राममध्ये वाट सोडायचा प्रश्नच नाही. रसेलना बातमी कळली तेव्हा त्यांनी सायमनना लिहिलं की हे आधी माहीत असतं, तर व्हाइटहेडनी आणि मी हातानं करण्यात दहा वर्षं घालवली नसती. माझ्या तीन रविवारांना तेवढा मान कुठला.

३४ वरून पुढे सरकायचा सध्याचा विचार: रांगेत पहिला आला तो पहिला घ्यायचा, याऐवजी छोटं सूत्र आधी घ्यायचं. मूळ नियमांना थोडा धक्का लागतो. कुणाचा आक्षेप असेल तर सांगा, मी ऐकेनच असं नाही.

दरम्यान दुसरी फळी उघडली आहे: रेझोल्यूशन, म्हणजे सिद्धता काढायची आणखी एक पद्धत. जे. ए. रॉबिन्सन, १९६५. एकच नियम. विधान उलटं करून धरायचं आणि विसंगती निघेपर्यंत वाक्यांच्या जोड्या लावत राहायचं. जोडी लावताना दोन्हीकडची सूत्रं एकरूप करायची. तिथे माझं पहिल्या रविवारचं औषध, म्हणजे ‘पोटात स्वतःच असेल तर नको’, योग्य जागी बसलं: नावं वेगळी केल्यावरच त्याला अर्थ आहे. बाय द वे, प्रोलॉग ही तर्कावर चालणारी प्रोग्रामिंग भाषा वेगासाठी ही तपासणी सोडून देते. एस-डब्ल्यू-आय प्रोलॉग या तिच्या एका आवृत्तीत एखादं व्हेरिएबल स्वतःलाच पोटात घेतलेल्या पदाशी जुळवून बघा, ते निमूट हो म्हणतं.

चाचणीला जुनं गणित घेतलंय: ज्या गटात प्रत्येक घटकाचा वर्ग एकक असतो, तो गट क्रमनिरपेक्ष असतो (गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच). ‘बरोबर’चं चिन्ह सांभाळणं जड जातं, म्हणून त्या काळच्यासारखंच ‘गुणाकार(क्ष, य, झ)’ असं तीन जागांचं विधान केलंय.

काल रात्री अकराला लावून झोपलो. सकाळी मेमरी भरून प्रोग्राम आडवा. शेवटची शंभर वाक्यं छापली होती ती चहाबरोबर वाचली. त्यातलं एक वाक्य चार वेळा होतं: एकदा क्ष७ नं, एकदा क्ष३१ नं, एकदा क्ष११२ नं, एकदा क्ष४०६ नं. प्रोग्रामच्या मते ती चार वेगळी वाक्यं, आणि चौघांनी मिळून पोरं घातलेली. आईला दाखवलं. ती म्हणाली, “ही एकच शशी दिसतेय.”

पुढच्या रविवारी शेपटं कापायची.