मनगटावरचं बोट

बाळ दीड महिन्याचं असताना मला हृदयविकार झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात स्तनाचा कॅन्सर होता. ती दूध साचून आलेली गाठ निघाली आणि दोन दिवसांत गेलीसुद्धा. आज लिहिताना हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं.

रात्री तीनला पाजताना एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल. उजेड अगदी कमी केलेला, तरी बाळाच्या कपाळावर पडायचाच. लक्षण टाइप करायचं, वाचायचं, मोबाइल उशीखाली सरकवायचा आणि मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची. ९२. परत मोजायची. ९६. आपण मोजतोय म्हणूनच ती वाढतेय, हे कळायला मला तीन महिने लागले.

'हे सगळं मनाचं आहे' असं न म्हणणाऱ्या पहिल्या डॉक्टर मला तिसऱ्या खेपेला भेटल्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहीजणींच्या थायरॉइडला सूज येते, त्यानेही धडधडतं, हात कापतात, म्हणून त्यांनी आधी तपासण्या करून घेतल्या. थायरॉइड नीट, ईसीजी नीट, हिमोग्लोबिन काठावर. फेरिटिन मात्र ९, म्हणजे लोहाचा साठा तळाला गेलेला. मग त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिल्यांदा खाता कधी?" मला सांगताच येईना.

आठवडाभर वहीत लिहिलं : धडधड किती वाजता झाली, त्याआधी काय खाल्लं, रात्री सलग किती झोपले. सातपैकी पाच दिवस धडधड अकरा ते बाराच्या मध्ये. आणि त्या पाचही दिवशी तोवर पोटात फक्त कॉफी, तीन मोठे मग. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात आणि मी दुपारपर्यंत उपाशी! रक्तातली साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्याने छाती धडधडते, घाम फुटतो. घाबरल्यावरही नेमकं हेच होतं. मी भुकेला भीती समजत होते.

मग पाजायच्या खुर्चीशेजारी पाण्याची बाटली आणि एक डबा आला. उकडलेलं अंडं, मूठभर दाणे, फळ, एका हाताने खाता येईल असं काहीही. डबा रात्री भरून ठेवायचं काम नवऱ्याचं. कॉफी दिवसाला एकच, तीही खाल्ल्यानंतर आणि लोहाच्या गोळीपासून लांब. कॉफी एकदम कमी केल्यावर दोन दिवस डोकं ठणकलं, तेव्हा अर्थातच ब्रेन ट्यूमर झाला.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो झोपेने. रात्री नऊ ते दोन बाळ नवऱ्याकडे, माझं काढून ठेवलेलं दूध बाटलीतून. सलग पाच तास. पहिल्या रात्री मी दाराला कान लावून जागीच होते. चौथ्या रात्री मेल्यासारखी झोपले. संध्याकाळी चालायला जाते ते नाडी दाखवणारं घड्याळ घरी ठेवून. श्वास मोजायचा व्यायाम मला अजिबात लागू पडला नाही, कारण मोजायला आणखी एक गोष्ट मिळाली.

महिन्याभरात माझी धडधड थांबली. भीती थांबली नाही, ती बाळाकडे वळली. झोपेत त्याचा श्वास पाच-दहा सेकंद थांबायचा. इतक्या लहान बाळांचं असं होतं, हे बालरोगतज्ज्ञांनी समजावलं होतं, तरी मी रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून. इथे अंडी आणि दाणे संपले. डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली. तिचे गुण बघून त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं. हे आधीच करायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं; मी आहाराच्या आड लपले होते. तिथे शिकले ते एवढंच, की तपासावंसं वाटलं की वीस मिनिटं थांबायचं. पहिले काही दिवस ती वीस मिनिटं मी रडून काढली. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर गेला, आत साधं घड्याळ आलं.

फेरिटिनची पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. जरा आधीच करून घेऊ का, असं विचारायला मी आतापर्यंत एकदाच फोन केलाय.