थिबाच का?

रत्नागिरीत सगळीकडे थिबा राजाचंच नाव का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी रत्नागिरीचा म्हटलं की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: "थिबा एवढा मोठा राजा होता का हो? रील्सवर सारखा तोच!"

नव्हता. ब्रह्मदेशाच्या गादीवर तो 1878 ते 1885, जेमतेम सात वर्षं. सुरुवातीलाच भाऊबंदांची कत्तल झाली, आणि शेवटी सागवानाच्या कंपनीला केलेल्या दंडाचं निमित्त काढून इंग्रजांनी पंधरवड्यात राज्य गिळलं. 1886 मध्ये त्याला इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये इथेच तो गेला. कर्तृत्वच बघायचं तर त्याचा बाप मिंडन. त्याने मंडाले वसवलं, टांकसाळ काढून यंत्रावर नाणी पाडली, अख्खं तिपिटक, म्हणजे बौद्धांचे धर्मग्रंथ, 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. त्याच्याबद्दल आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

थिबाची गोष्ट तीस सेकंदांत बसते ना! लाल वाडा, रंगीत काचा, गायब झालेलं माणिक, दरवानाच्या प्रेमात पडलेली थोरली राजकन्या. मलाही ती आवडते, नाकबूल कशाला करू? फक्त खिडकीत उभं राहून 'राजाने इथे तीस वर्षं समुद्र बघत काढली' म्हणतात ना, ते खोटं. वाडा पुरा झाला 1910 मध्ये. त्यात तो राहिला सहा वर्षं, आधीची सगळी दुसऱ्या बंगल्यांत गेली.

कोकणावर शतकानुशतकं खरंच राज्य केलं ते शिलाहार घराण्याने. त्यांच्यातल्या अपरादित्याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर टीका लिहिली, ती पार काश्मीरपर्यंत प्रमाण मानली गेली. अलिबागजवळ अक्षीला एक शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी. माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली झिजलेली अक्षरं, आणि त्यात शिलाहार राजा केसिदेवरायाला बिरुद काय, तर पश्चिम समुद्राधिपती! त्या दगडाशी सेल्फी काढताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

तरी थिबाला अगदीच हलक्यात काढू नका. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या थडग्यावर येऊन गेले. सात वर्षांचा कारभार बघायला कोण एवढ्या लांब येतो? त्यांच्या लेखी तो शेवटचा राजा. त्याच्यामागून देश पारतंत्र्यात गेला. आपल्या शिलाहारांसाठी असं लांबून येणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा अलिबागला जाणारच असाल, तर नागावच्या वाटेवर अक्षी लागतं. थांबा तिथे जरा.